“मी फक्त पुढं पाठवलं” : अतिरेकी प्रचाराला हातभार लावला तर कायदा नेमकं काय बघतो

मागच्या उन्हाळ्यात तासगाव तालुक्यातल्या एका गावातनं एक मावशी माझ्या सांगलीच्या ऑफिसात आल्या. बरोबर एकोणीस वर्षांचा पोरगा, डिप्लोमा करणारा, आणि पोलिसांची नोटीस चार घड्या घालून प्लास्टिकच्या पिशवीत. बसल्या बसल्या म्हणाल्या, “वकीलसाहेब, ह्यानं कायबी लिवलं नाही वो. दुसऱ्यानं पाठवलेलं ह्यानं नुस्तं फुडं ढकललं. लिवणारा राहिला बाजूला आन माझ्या पोराला बलवत्यात.”

हे वाक्य मी गेल्या काही वर्षांत इतक्यांदा ऐकलंय की शेवटी वाटलं हे एकदा नीट लिहूनच काढावं. पोराची गोष्ट सांगायला घरच्यांची परवानगी घेतलीय, ओळख पटेल असे तपशील बदललेत.

तर झालं असं की पोराचा टेलिग्रामवर चॅनेल होता, क्रिकेटच्या क्लिपा, कॉमेडी, सैन्यभरतीच्या जाहिराती असलं सगळं, आणि बघता बघता अकरा हजार लोक जोडले गेलेले. मग एका अनोळखी माणसाचा मेसेज आला, मी व्हिडिओ पाठवतो, खाली मराठीत पट्टी टाकून तुझ्या चॅनेलवर सोड, एका व्हिडिओचे पाचशे देतो. पोरानं सात-आठ सोडले. एका समाजाला संपवा, हत्यारं जवळ ठेवा, वेळ आलीय, अशा थाटाचे व्हिडिओ. आता पोलीस विचारतायत की ह्यात तुझा रोल काय, आणि पोरगं म्हणतंय माझा काहीच नाही, माझा फक्त चॅनेल.

मार्केट यार्डातल्या हळदीच्या टेम्पोचं उदाहरण घ्या. चोरीची पोती टेम्पोत घातली आणि ड्रायव्हरला खरंच काही माहीत नव्हतं, भाडं घेतलं आणि निघाला, तर तो चोर नाही, साक्षीदार होईल फार तर. पण रात्री दोनला गोडाऊनचं कुलूप तोडलेलं त्यानं बघितलं, दुप्पट भाडं घेतलं आणि पोती भरली, तर त्यानं कुलपाला हात लावला नसला तरी तो त्यात आहे. आणि तिसरा ड्रायव्हर असतो, ज्याला वास येतो पण तो मुद्दाम विचारत नाही, कारण विचारलं तर उत्तर मिळेल. आमच्या धंद्यात सगळी भांडणं ह्या तिसऱ्यावर होतात. प्रचाराचा व्हिडिओ हे पोतं धरा आणि तुमचा चॅनेल, तुमचा ग्रुप, तुमचं सिमकार्ड हा टेम्पो धरा. तुम्ही लिहिलंय का हा प्रश्न कोर्टात फार लवकर मागं पडतो, खरा प्रश्न असतो तुम्हाला काय माहीत होतं आणि तुम्हाला काय घडवायचं होतं.

आता कायद्याची दोन वेगळी खाती आहेत, आणि लोक (काही वेळा पोलीस पण) ती एकत्र कालवतात म्हणून आधी वेगळी करतो.

पहिलं खातं म्हणजे समाजासमाजात तेढ लावणं. १ जुलै २०२४ पासून जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यात हे कलम १९६, पूर्वीचं १५३अ. बोलून, लिहून, चित्रानं किंवा इलेक्ट्रॉनिक माध्यमातनं द्वेष पसरवला तर तीन वर्षांपर्यंत शिक्षा, प्रार्थनास्थळात केलं तर पाच. जोडीला कलम ३५३, खोट्या बातम्या आणि अफवा पसरवून लोकांना एकमेकांवर घालणं, पूर्वीचं ५०५. दुसरं खातं फार जड आहे, यूएपीए, म्हणजे १९६७ चा बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायदा. ह्यात सरकारनं बंदी घातलेल्या दहशतवादी संघटनांची यादी असते आणि त्यांच्यासाठी पाठिंबा मागणं, सभा भरवणं, सभेत बोलणं हे कलम ३९ खाली दहा वर्षांपर्यंत जातं. त्याच कायद्याचं कलम १८ बघा, त्यात कट करणारा आहे, चिथावणारा आहे, सल्ला देणारा आहे आणि जाणूनबुजून सोय करून देणारा पण आहे. सगळ्यांना तीच शिक्षा, कमीत कमी पाच वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप.

“जाणूनबुजून सोय करून देणारा”, टेम्पोवाला तो हाच.

आणि सोय करून देणं म्हणजे नुसता शेअर नव्हे. प्रचाराचं मटेरियल भाषांतर करणं, व्हिडिओ एडिट करून लोगो पुसणं म्हणजे प्लॅटफॉर्मच्या मशीनला सापडू नये, एक चॅनेल बंद पडला की दुसऱ्याची लिंक वाटणं, दुसऱ्याच्या नावावरचं सिम मिळवून देणं, वर्गणी गोळा करायला आपला क्यूआर कोड देणं, ही सगळी कामं बंदूक न धरणारी माणसं करतात. आपल्याकडं ह्याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण बंगळुरूचं, डिसेंबर २०१४ मधलं. शमी विटनेस नावाचं ट्विटर खातं होतं, सतरा हजारांवर फॉलोअर, आयसिसचा प्रचार इंग्रजीत जगभर पोचवणाऱ्या खात्यांत ते पहिल्या रांगेत गणलं जायचं. ब्रिटनच्या चॅनेल फोरनं शोध लावला तेव्हा कळलं की हा माणूस दिवसा बंगळुरूत कंपनीत नोकरी करतो आणि बाकी वेळात हे. सीरियाला कधी गेला नव्हता. दोनच दिवसांत त्याला अटक झाली. त्याचं काम काय होतं, तर दुसऱ्यांचं म्हणणं उचलायचं, समजावून सांगायचं, पसरवायचं.

पसरवणाऱ्याला एवढं महत्त्व का, हे क्राइस्टचर्चवरून कळतं. १५ मार्च २०१९, न्यूझीलंडमध्ये दोन मशिदींत ५१ माणसं मारली, मारणाऱ्यानं फेसबुकवर लाईव्ह केलं. ते लाईव्ह चालू असताना बघणारे दोनशेसुद्धा नव्हते. पण पहिल्या चोवीस तासांत फेसबुकला त्या व्हिडिओच्या पंधरा लाख कॉप्या काढायला किंवा चढतानाच अडवायला लागल्या. त्या पंधरा लाख वेळा अपलोडचं बटण मारेकऱ्यानं दाबलं नव्हतं, ते तुमच्या आमच्यासारख्यांनी घरात बसून दाबलं. तिथल्याच एका माणसाला जूनमध्ये एकवीस महिने कैद झाली, त्यानं तो व्हिडिओ तीसेक जणांना पाठवला होता आणि मित्राला सांगितलं होतं की ह्यावर बंदुकीच्या नेमाचं चिन्ह आणि मेलेल्यांचा आकडा टाकून दे, गेमसारखा. हे वाचल्यावर तो माणूस मला दिवसभर विसरता आला नाही.

आता परत आपल्या पोराकडं. मी त्याला विचारलं, व्हिडिओ बघितले होतेस का. म्हणाला, “नाही साहेब, आवाज बंद करून नुसते चेक केले.” बरं, खालची मराठी पट्टी कुणी लिहिली? “त्यानं हिंदीत पाठवली होती, मी मराठीत केली.” आणि मग तो स्वतःच गप्प झाला. न समजता भाषांतर कसं करणार? पुढं चॅट काढून बघितलं तर त्याचाच एक मेसेज, “हे टाकून लफडं व्हनार नाही ना?” आणि समोरच्याचं उत्तर, “चॅनेलचं नाव बदल, काय होत नाय.” त्यानं नाव बदललं होतं. सात-आठ व्हिडिओंपेक्षा ही एक ओळ त्याला जड जाणार आहे, कारण सरकारी वकील हीच ओळ वाचून दाखवतील की बघा, ह्याला कळत होतं. आणि नोटीस आल्या रात्री घाबरून त्यानं अख्खा चॅनेल डिलीट केला. मी डोक्याला हात लावला. पुरावा नष्ट करणं हा वेगळा गुन्हा आहे, न्याय संहितेचं कलम २३८ आणि २४१, आणि डिलीट केलं म्हणजे मागं काही उरत नाही असंही नाही, बघणाऱ्यांपैकी कुणीतरी आधीच स्क्रीन रेकॉर्ड केलेलं होतं. नोटीस आली की फोनला हात लावू नका, वकील गाठा, एवढं तरी ऐका.

पण ह्याची दुसरी बाजू मी सांगितली नाही तर मी अर्धाच वकील.

कायदा “माहीत होतं आणि हेतू होता” ह्यावर उभा आहे, म्हणजे नुसतं फोनमध्ये सापडलं म्हणून माणूस गुन्हेगार होत नाही. सुप्रीम कोर्टानं हे परत परत सांगितलंय. ऑक्टोबर २०२१ ला केरळच्या दोन तरुणांच्या जामिनावर निकाल देताना म्हटलं की बंदी असलेल्या संघटनेशी संबंध किंवा तिला पाठिंबा एवढ्यावर यूएपीएचं कलम ३८ (सदस्यत्व) आणि ३९ (पाठिंबा) लागत नाही, त्या संघटनेचं काम पुढं न्यायचा हेतू दिसला पाहिजे. जुलै २०२३ ला भीमा कोरेगाव खटल्यातल्या दोघांना जामीन देताना म्हटलं की हिंसेचा पुरस्कार करणारं साहित्य जवळ असणं हाच गुन्हा नाही. पत्रकार, विद्यार्थी, संशोधन करणारे, आम्ही वकील, आमच्या सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर असलं काही ना काही असतंच.

आणि जवळचं उदाहरण पाहिजे असेल तर हातकणंगल्याचं घ्या, सांगलीतनं अर्ध्या-पाऊण तासावर. तिथं एका काश्मिरी प्राध्यापकानं व्हॉट्सॲप स्टेटसला ५ ऑगस्ट हा जम्मू-काश्मीरसाठी काळा दिवस असं लिहिलं, १४ ऑगस्टला पाकिस्तानला स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा दिल्या. हातकणंगले पोलिसांत १५३अ खाली गुन्हा, हायकोर्टानं तो रद्द करायला नकार दिला, पार सुप्रीम कोर्टापर्यंत प्रकरण गेलं आणि ७ मार्च २०२४ ला तिथं गुन्हा रद्द झाला. कोर्ट म्हणालं, सरकारच्या निर्णयावर टीका करायचा हक्क प्रत्येकाला आहे, आणि एखाद्या वाक्याचा परिणाम मोजताना कमकुवत मनाचा, सगळ्यात धोका बघणारा माणूस धरायचा नाही, शहाणासुरता खंबीर माणूस धरायचा. हा निकष मूळचा आपल्याच नागपूर हायकोर्टाचा, १९४६ चा, न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांचा. त्या स्टेटसमध्ये कुणाला मारा नव्हतं, कुठल्या संघटनेची भरती नव्हती. आमच्या पोराच्या व्हिडिओत “संपवा” होतं. दोन्ही “सोशल मीडियावरची आक्षेपार्ह पोस्ट” म्हणून पेपरात एकाच आकाराच्या हेडलाईनीत येतात, आणि माझा आक्षेप नेमका ह्यालाच आहे.

पालघर आठवतंय का, नोव्हेंबर २०१२? बाळासाहेब ठाकरे गेल्यावर मुंबई बंद होती त्यावर एका मुलीनं फेसबुकवर लिहिलं, दुसरीनं नुसतं लाईक केलं, दोघींना अटक. त्यातनंच पुढं श्रेया सिंघलचा खटला उभा राहिला आणि २४ मार्च २०१५ ला आयटी कायद्याचं, ऑनलाईन आक्षेपार्ह लिखाणावरचं ६६अ कलम सुप्रीम कोर्टानं रद्द केलं. त्या निकालात तीन पायऱ्या सांगितल्यात त्या घरोघरी माहीत पाहिजेत: चर्चा करणं, एखाद्या मताचा पुरस्कार करणं आणि चिथावणी देणं. पहिल्या दोन कितीही कडू असल्या तरी चालतात, कायदा तिसरीपासून. आणि लाईकबद्दल अलाहाबाद हायकोर्टानं २०२५ ला म्हटलंय की लाईक करणं म्हणजे प्रसारित करणं नव्हे. फॉरवर्डला मात्र ही सूट नाही. तमिळनाडूच्या एका नट आणि माजी आमदारानं महिला पत्रकारांबद्दलची घाण पोस्ट न वाचता फॉरवर्ड केली म्हणून सांगितलं, माफी मागितली, पोस्ट काढली, तरी मद्रास हायकोर्टानं २०२३ ला गुन्हा रद्द केला नाही आणि सुप्रीम कोर्टानंही हात घातला नाही. सुटलेला बाण परत येत नाही, असं त्या निकालाचं म्हणणं.

तिसऱ्या पायरीवर आहे का हे कसं ओळखायचं? मी शेतकऱ्याच्या घरातला, मला उसाचं कळतं. पावसाळ्यात हिरव्या उसात काडी टाकली तर विझते. तीच काडी फेब्रुवारी-मार्चला वाळल्या पाचटात टाकली तर एकराच्या एकर जातं आणि शेजाऱ्याचंही जातं. काडी तीच असते, रान कसलं आहे हे बघावं लागतं. कोर्ट पण शब्दाबरोबर वेळ आणि जागा बघतं. १९८४ ला इंदिरा गांधींची हत्या झाली त्याच संध्याकाळी चंदीगडला दोघांनी खलिस्तानच्या घोषणा दिल्या, रस्त्यावर लोकांनी लक्षच दिलं नाही, काही घडलं नाही, आणि १९९५ ला सुप्रीम कोर्टानं दोघांना सोडलं. उलट आपल्या साताऱ्यात १० सप्टेंबर २०२३ ला पुसेसावळीत सोशल मीडियावरच्या पोस्टवरून जमाव चालून गेला, एक तरुण जिवानिशी गेला, जिल्ह्याचं इंटरनेट बंद करायला लागलं. धुळ्याच्या राईनपाड्यात १ जुलै २०१८ ला पोरं पळवणारी टोळी आलीय ह्या व्हॉट्सॲपच्या अफवेवर मंगळवेढ्याकडची पाच भिक्षेकरी माणसं ठेचून मारली. राईनपाडा हा अतिरेकी प्रचार नव्हता, मान्य, पण वाळलं पाचट कसं पेटतं ते तिथं दिसलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा आणली.

ग्रुप ॲडमिन घाबरून विचारतात आमचं काय. मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं मार्च २०२१ ला स्पष्ट केलंय, दुसऱ्यानं टाकलेल्या पोस्टला ॲडमिन आपोआप जबाबदार नाही, दोघांचा मिळून बेत होता हे दाखवायला लागतं. पण टेलिग्राम चॅनेल म्हणजे ग्रुप नव्हे, तिथं पोस्ट ॲडमिनच करतो. आमच्या पोराला हा निकाल कामाचा नाही.

कुंडलला एका कार्यक्रमात एका पोरानं मला विचारलं होतं, सर, ब्रिटिशांच्या लेखी आपलं प्रतिसरकार पण अतिरेकीच होतं की, पत्रकं छापणारे, वाटणारे, जेवण पोचवणारे सगळे आरोपीच होते. प्रश्न एकदम रास्त आहे आणि क्रांतिसिंह नाना पाटलांच्या आणि जी. डी. बापू लाडांच्या मुलखात तो कुणीतरी विचारलाच पाहिजे. टिळकांवर १८९७ ला राजद्रोहाचा खटला चालला तेव्हा न्यायाधीश स्ट्रॅचीनं ज्युरीला सांगितलं की सरकारबद्दल अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव. म्हणजे सरकारवर प्रेम नसणं हाच गुन्हा! असला कायदा कुणालाही आत घालू शकतो. म्हणून १९६२ ला केदारनाथ सिंगच्या निकालात सुप्रीम कोर्टानं ते आवळलं, हिंसा किंवा अशांततेकडं ढकलणारं बोलणं असेल तरच गुन्हा. सरकारला नावं ठेवणं आणि शेजाऱ्याचं घर पेटवायला सांगणं ह्यातली रेघ ती हीच, आणि ती पुसट झाली की आधी भरडली जातात ती टीका करणारी माणसं.

ही भीती पोकळ नाही, कारण यूएपीएत जामीन फार अवघड. कलम ४३ड(५) सांगतं की आरोप नुसता वरवर पाहता खरा वाटला की जामीन नाही, आणि सुप्रीम कोर्टाच्या २०१९ च्या वटालीच्या निकालानं जामिनाच्या वेळी पुराव्याची खोलात छाननी करायलाही मज्जाव केला. चार्जशीटला १८० दिवसांपर्यंत मुदत मिळू शकते, साध्या गुन्ह्यात साठ किंवा नव्वद. म्हणजे निर्दोष सुटायचा तो सुटेल, पण तोवर वर्षं गेलेली असतात. म्हणून जिथं कलम १९६ पुरेसं आहे तिथं यूएपीए लावू नये असं माझं ठाम मत आहे, आणि जिथं खरोखर बंदी असलेल्या संघटनेची भरती चाललीय तिथं “पोरगं आहे, जाऊ द्या” असंही म्हणू नये.

बाहेरच्या देशांचं थोडक्यात सांगतो. ब्रिटनमध्ये २००६ च्या कायद्याखाली दहशतवादाचं साहित्य पसरवणाऱ्याचा हेतू नसला तरी बेफिकिरी पुरते, म्हणजे तिसरा टेम्पोवाला तिथं सरळ आत. अमेरिकेत उलटं, स्वतंत्रपणे कितीही समर्थन करा, पण संघटनेशी संगनमतानं केलं तर ती मदत ठरते, हे तिथल्या सुप्रीम कोर्टानं २०१० ला ठरवलं. तरीही बोस्टनच्या एका माणसाला २०१२ ला साडेसतरा वर्षं झाली, त्याच्यावर अल कायदाच्या बाजूचं अरबी साहित्य भाषांतर केल्याचा आरोप होता, जोडीला प्रशिक्षणासाठी येमेनला गेल्याचाही. भाषांतरासाठी किती आणि येमेनसाठी किती, ह्यावर तिथले वकील अजून भांडतात.

राहिला पुरावा. नुसता स्क्रीनशॉट प्रिंट काढून लावला म्हणजे पुरावा होत नाही. फोन पंचांसमोर जप्त करायचा, पंचनामा करायचा, सीलबंद करायचा आणि त्यातल्या डेटाची हॅश व्हॅल्यू काढायची, हा आकड्या-अक्षरांचा एक लांबलचक ठसा असतो, अंगठ्यासारखा, आत एक स्वल्पविराम जरी बदलला तरी ठसा पूर्ण बदलतो, त्यामुळं नंतर कुणी काही घुसडलं का ते कळतं. ह्याच्याबरोबर नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं सर्टिफिकेट लागतं, ज्यात ही हॅश लिहायची असते. जुन्या कायद्यातलं ६५ब चं असंच सर्टिफिकेट सक्तीचं आहे हे २०२० ला पक्कं झालं ते आपल्या जालन्याच्या निवडणुकीवरून, खोतकर विरुद्ध गोरंट्याल. आरोपीच्या वकिलानं पहिल्यांदा हेच कागद तपासायचे, मी पण तेच केलं.

पोरावर सध्या न्याय संहितेची कलमं आहेत, यूएपीए लागलेलं नाही. कलम १९६ मध्ये कोर्टानं दखल घ्यायला सरकारची मंजुरी लागते, ती अजून यायचीय. पाचशे-पाचशे रुपये पाठवणारा माणूस कुठल्या नावाच्या सिमवरून बोलत होता ह्याचा तपास चालू आहे, आणि पोरानं त्याचे सगळे मेसेज स्वतःहून पोलिसांना दाखवलेत, मीच सांगितलं होतं. मावशी तेवढं एकच विचारत असतात की फोन कधी मिळणार, त्यात नातीच्या बारशाचे फोटो आहेत आणि दुसरीकडं कुठं नाहीत. फोन लॅबला गेलाय. तो परत मिळावा म्हणून सुपूर्दनाम्याचा अर्ज टाकलाय, पुढच्या महिन्यात तारीख आहे.